मागून दबलेली गाडी

५ जानेवारी, रविवार

गाडी मागून दबलीय! नक्की दबलीय. टेपनं चारदा मोजलं — मागच्या चाकावरची फट पुढच्यापेक्षा बोटभर कमी. काल सोयगावहून येतानाही अजिंठ्याच्या घाटात दर वळणाला शेपूट बाहेर ओढल्यासारखं होत होतं. गावी जाताना असं नव्हतं.

आणि सव्वीसला दौलताबादजवळच्या मैदानात शर्यत आहे. जुने टायर मांडून वळणं करतात, घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात. मी नाव दिलंय. गावी दादांना — माझ्या वडिलांना — सांगितलेलं नाही.

७ जानेवारी

कलीमभाईंच्या गॅरेजात गेले. त्यांनी मागून दोनदा दाबून पाहिलं. म्हणाले, शॉकअप थकले. “कडक डालते बाजी, थोडी नीची करते. मोड पे चिपक के जाती फिर!” मग विचारलं, “ऑफिस जानेकू होना, की उडानेकू?”

 “नंतर सांगते,” मी म्हणाले आणि निघून आले.

८ जानेवारी

उत्तर का देता आलं नाही ते लिहून ठेवते.

ही लाल गाडी घेतली तेव्हा दादांना शब्द दिला होता — पळवणार नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी. दादांना सहीपुरतं येतं. माझं तोंडचं बोलणं ते सातबाऱ्यासारखं पक्कं धरतात. अशा माणसाला फसवायचं?

कंपनीचे होते तसलेच शॉकअप बसवले तर ती दुरुस्ती. कडक बसवले तर शर्यतीची तयारी. म्हणजे शब्द मोडला.

पण नाव तर आधीच दिलंय! मग शब्द कधी मोडला?

९ जानेवारी

झोप नीट नाही.

१३ जानेवारी

मीनाक्षीला — ऑफिसात माझ्या शेजारी बसते — सगळं सांगितलं. ती जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसली. “तू चप्पल बदलतानाही तलाठ्याचा दाखला मागशील गं!”

हसायला आलं मलाही. पण उत्तर मिळालं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. दादांना फोन केला. आज सांगायचंच ठरवलं होतं. तेच आधी म्हणाले, “गाडी घाटात उधळत तर नाय ना?” मी म्हणाले, नाही. “झ्याक!” — इतके खूश झाले की शर्यतीचं सांगायचं राहूनच गेलं.

१८ जानेवारी, शनिवार

कडकच टाकायचे ठरवून गेले. मन खात होतं, तरी गेले.

मागचे शॉकअप वरून सोडवायला कलीमभाईंनी डिकी उघडली, तळाची चटई उचलली — आणि ओरडलेच. “बाजी, ये रेती कायकू लेके फिर रे?”

स्टेपनीच्या भोवती खताच्या दोन पिशव्या, वाळूनं गच्च. तोंडं सुतळीनं आवळलेली. गाठ दादांची! ओळखलीच मी.

आमच्याकडे रिकामी बैलगाडी उताराला उसळते म्हणून तिच्यात दगड-माती टाकतात. दादांनी गावी तोच इलाज माझ्या गाडीला केला!

पिशव्या काढल्या आणि गाडी कोंबडीसारखी उठून उभी राहिली. कलीमभाई हसून हसून डोळे पुसत म्हणाले, “शॉकअप तो एकदम चोखे हैं. कुछ नक्को बदलो.” परत येताना वळणावर अशी चिकटून गेली — काय सांगू!

गाडी तिथेच कडेला घेऊन दादांना फोन लावला. “दादा, वाळू?”

“घावली व्हय! हलकी चीज हाय ती पोरी, उडती.”

“मला विचारायचं ना.”

“तू शिकलेली. नाय म्हणली असतीस.”

मला हसू येत होतं आणि रडूही. त्यांनी न सांगता वाळू भरली, मी न सांगता नाव दिलं. सगळं सांगून टाकलं — शर्यत, सव्वीस तारीख, मोडलेला शब्द. “तुम्ही म्हणाल तर नाव काढते.”

 दादांनी नुसतं “बरं” म्हणून फोन ठेवला.

१९ जानेवारी

फोन नाही. दोनदा रेंज तपासली.

२० जानेवारी

सकाळीच दादांचा फोन. “लग्नाच्या आधी मी शर्यतीच्या पटात बैल पळवायचो. तीन साल. तुझा आजा मरंपर्यंत त्याला सांगितलं नाय. तू तर सांगितलंस.” मग खाकरले. “तिथली माती कशी हाय गं? टणक, का भुसभुशीत?”