आजीचं औषध गोठतं का?

मंगळवार, ९ तारीख, दुपार

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आजीची इन्सुलिनची बाटली मी फ्रीजरमध्ये ठेवली होती. रविवारी, रात्रभर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे फालतू गमती करत बसेन आणि मुद्दा राहून जाईल.

फोनवर बोलायची सोय नाही. घरात भिंतींना कान आहेत आणि आईला चार. तुझ्या औषधाच्या दुकानाचा स्कूटरवाला गल्लीत आलाय, त्याच्या हाती चिठ्ठी देतोय.

झालं असं, की सुट्टी लागली आणि चिमणी माझ्या गळ्यात पडली. चार वर्षांची बहीण, रमवणार तरी किती? म्हणून गोठवायचे खेळ काढले. प्लास्टिकचा हत्ती वाडग्यात गोठवला, तिने मीठ आणि कोमट पाणी टाकून सोडवला. मग साधं पाणी, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, कोण आधी गोठतं त्याची शर्यत. साधं जिंकलं. साखरेच्या बर्फाचे तुकडे मात्र ट्रेमधून रोज दोन-दोन गायब होतात. चिमणीचा कान पिळला, तर मी नाही म्हणून भोकाड पसरलं.

मग तिने विचारलं, आजीचं औषध गोठतं का? मी पडलो घरचा शास्त्रज्ञ. ठेवली बाटली. सकाळी बघतो तर आत दगड. मुठीत धरून वितळवली, दिसायला होती तशीच, गुपचूप जागेवर ठेवली. बर्फाचं पाणी होतं तसं औषधाचं औषध होईल असं वाटलं.

पण कालपासून आजीची साखर तीनशेच्या वर. बाबा तिला म्हणाले, तू चोरून खातेस. साखरेचा डबा कपाटात आणि किल्ली बाबांच्या खिशात. आजी एवढंच म्हणाली, "पोटच्या पोराने चोर ठरवलं, आता आणखी काय राहिलं?" नीट जेवलीही नाही. आत्या, संध्याकाळी सातला पुन्हा त्याच बाटलीतलं टोचणार. काय करू ते लगेच कळव.

लोभ आहेच, हे वाचूनही टिकला तर बरं.
तुझा उचापती

मंगळवार, दुपारी चार

चि. उचापतीस,
अनेक आशीर्वाद, आणि भेटशील तेव्हा एक धपाटा.

गाढवा, पाणी गोठून वितळलं तरी पाणीच राहतं. इन्सुलिन एकदा गोठलं की बिघडलं, मग दिसायला कसंही असो. दोन दिवस माझी आई तेच टोचून घेतेय.

दादाला फोन केलाय, बाटली खराब आहे, वापरू नकोस. डॉक्टरांशीही बोलले, ते सांगतील तशी साखर तपासत राहा. नवी बाटली स्कूटरवाल्याच्याच हाती देतेय. फ्रीजच्या दारात ठेव, फ्रीजरच्या वाऱ्याला उभी करू नकोस.

कशी खराब झाली ते मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं, माझ्या आईसमोर आणि दादासमोर. तिच्यावरचा आळ मी फोनवरून कसा पुसू?

अजून तरी तुझी,
आत्या

बुधवार, १० तारीख, सकाळ

ति. आत्यास,
सा. न. धपाटा बाकी आहे हे लक्षात आहे.

सांगितलं. ताटं वाढलेली असतानाच, म्हणजे पळायला जागा नको. बाबांचा हात वर गेला, मग तसाच खिशात गेला. किल्ली काढून त्यांनी आजीच्या हातात ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, चुकलो. आई डोळे पुसत भात वाढत होती, मलाच तीनदा वाढला. सकाळी साखर एकशे ऐंशी. डॉक्टर म्हणाले, उतरतेय.

आता खरी पंचाईत ऐक. मी पाया पडायला गेलो, तर आजीने दार लोटून घेतलं आणि कानात म्हणाली, सगळं पाप तुझ्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस. ते बर्फाचे दोन तुकडे रोज ती खात होती. गारेगार गोड लागायचे आणि बर्फात असून असून किती साखर असणार, असं तिने मनाला समजावलं होतं. मी ट्रे तिच्यासमोर मोरीत ओतला, परत खाणार नाही असं वदवून घेतलं, आणि चिमणीची कान धरून माफी मागितली, माझे स्वतःचे.

तू औषधाच्या दुकानातली, म्हणून तुला लपवत नाही. डॉक्टरांच्या कानावर घालायचं तर घाल. पण बाबांना नको गं. ती किल्ली कालच आजीच्या उशाखाली गेलीय. हात जोडतो आत्या, घरात कुण्णाकुण्णाला सांगू नकोस.

तुझा उचापती