मेव्हण्याची महापौरकी आणि माझं अध्यक्षपद

५ जानेवारी २०१४, त्सुकुबा
रोजनिशी लिहिण्याचा संकल्प. रोज, सकाळी, मोजकं. भावना नाहीत.
यंदा नववर्षाचं एकही कार्ड आलं नाही. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं त्या घरी जपानी लोक कार्ड पाठवत नाहीत. सुप्रभाला जाऊन तीन महिने होतील. चांगली पद्धत आहे. उत्तरं लिहायचा त्रास वाचला.
जेपीचा फोन. जेपी म्हणजे जयप्रकाश, सुप्रभाचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. कॅनडातल्या एका मोठ्या शहराचा महापौर. शहराचं नाव इथे लिहीत नाही, त्याला तेवढंच हवं असतं. दर रविवारी फोन. काय दाजी, जेवलात का? सतरा वर्षं शहर चालवणाऱ्या माणसाला एवढाच प्रश्न सुचतो. जेवलो म्हटलं. बिस्किटं होती.

१९ जानेवारी
जेपीची कारकीर्द एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
पुण्यात इंजिनियरिंग ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास. १९८१ला कॅनडा. तिथे नळदुरुस्ती. नळ दुरुस्त करताना लोक तक्रारी सांगायचे, हा सिंकखाली आडवा पडून ऐकायचा. यालाच पुढे जनसंपर्क म्हणू लागले. एका बसस्टॉपला छप्पर नव्हतं म्हणून भर हिवाळ्यात तिथे खुर्ची टाकून बसला. छप्पर मिळालं, नगरसेवकपदही मिळालं. १९९७ला आधीच्या महापौराला रस्त्यावरचा बर्फ वेळेवर काढता आला नाही. लोक चिडले, हा निवडून आला. म्हणजे श्रेय बर्फाचं. तेव्हापासून पाच वेळा निवडून आलाय. एकही मोठी कल्पना नाही. मनोरा नाही, भुयारी रेल्वे नाही. सतरा वर्षं खड्डे, नळ, वाचनालयाच्या वेळा आणि लोकांच्या मयती. एकही मयत चुकवत नाही.
सुप्रभा म्हणायची, त्याला माणसं कळतात. माणसं मलाही कळतात. मी बोलून दाखवत नाही इतकंच.

१६ फेब्रुवारी
मध्ये लिहिलं नाही. कामाचा ताण. नव्हता, पण असू शकला असता.
प्रचंड बर्फ. त्सुकुबात असा पडत नाही. बिल्डिंगमधले सगळे फावडी घेऊन खाली. मी तिसऱ्या मजल्यावरून निरीक्षण केलं. पद्धत चुकीची. उत्तरेकडून सुरुवात हवी होती.
जेपीला सांगितलं. तो म्हणाला, दाजी, उत्तर-दक्षिण सोडा आणि फावडं घ्या. बर्फ काढताना जेवढी ओळख होते तेवढी लग्नातही होत नाही. वर हसत सांगतो, माझ्या स्वतःच्या गल्लीतला बर्फ गावात सगळ्यात शेवटी निघतो, तसा माझाच हुकूम आहे. स्वतःच्या दारातला बर्फ हलवता येत नाही, आणि म्हणे महापौर.
तरी खाली गेलो. बर्फ काढून झाला होता. तळमजल्यावरचे कुरामोची-सान, म्हणजे आपल्याकडचे कुरामोचीराव, भेटले. निवृत्त शाळामास्तर, बिल्डिंगच्या रहिवासी संघाचे सर्वेसर्वा. म्हणाले, आयांच्या सायकली भिजतात, मुलांच्या सीट ओल्या होतात, तेव्हा बिल्डिंगमागच्या मातीच्या पट्टीत सायकलींसाठी शेड घालायचा विचार आहे.
मागच्या पट्टीत सुप्रभाचं अळू आहे.

२३ फेब्रुवारी
पट्टी जाऊ देणार नाही.
२०११च्या भूकंपानंतर ओळखीची निम्मी मराठी घरं बॅगा भरून गेली. जेपीने तिकिटंही काढली होती. सुप्रभा म्हणाली, या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांना वरपर्यंत पाणी कोण चढवणार? राहिली. पुढच्या वसंतात मागे अळू लावलं. जपानी लोक अळूचे कंद खातात आणि पानं फेकतात. आपलं उलटं. त्यामुळे कंद शेजाऱ्यांना, पानं आम्हाला, असा तिचा करार होता. एवढा सोपा करार मी कुठल्या संशोधन प्रकल्पात पाहिला नाही.
उपाय सापडला. एप्रिलमध्ये संघाचा नवा अध्यक्ष येतो. मी अध्यक्ष होणार. जेपीला शहर चालवता येतं तर मला एक बिल्डिंग येईलच. मी डॉक्टरेट आहे.

९ मार्च
प्रचाराची तयारी पूर्ण. चाळीस स्लाइड्स, जपानीत. लेकीला, कादंबरीला, तपासायला पाठवल्या. कावासाकीला आयटीत आहे. ती म्हणाली, बाबा, ही निवडणूक नसते. टर्न असतो. दरवर्षी पुढचं घर. यंदा तीनशे दोन, म्हणजे तुम्हीच. कोणालाच नको असतं ते. आईला तर तुमचीच काळजी होती, यांच्यावर आलं तर कसं होणार म्हणून.
पोरीचं जपानी उत्तम आहे. राजकारण कळत नाही. फोन ठेवताना गानबात्ते, म्हणजे जोर लावा, म्हणाली. त्यात हसू होतं की काय, कळलं नाही.

२० एप्रिल
निवडून आलो. बिनविरोध.
कुरामोची-सान म्हणाले, यंदा तीनशे दोन, मोहन-सान, चालेल ना? मी उभा राहून पहिली स्लाइड लावली. टाळ्या इतक्या जोरात झाल्या की दुसरीची गरजच पडली नाही. तीनशे तीनच्या बाई तर डोळे मिटून, छातीवर हात ठेवून टाळ्या थांबायची वाट पाहत होत्या. पुढचं घर त्यांचं; मी नको म्हटलं असतं तर पद यंदाच त्यांच्याकडे गेलं असतं. जनतेचा असा विश्वास मिळायला भाग्य लागतं.
जेपीचा फोन आला तेव्हा कळवलं. मला शंभर टक्के मतं, त्याला गेल्या वेळी त्रेचाळीस. तो म्हणाला, दाजी, अभिनंदन, मला तर घरातलीसुद्धा सगळी मतं पडत नाहीत. मग विचारलं, पण तुम्हाला कशाला हवी होती खुर्ची? पट्टीचं सांगितलं. मग म्हणाला, चुकलंत दाजी. साधे रहिवासी म्हणून मागितलं असतंत तर ताईच्या नावावर मिळून गेलं असतं. आता अध्यक्ष स्वतःच्या घरासाठी मागतोय असं दिसणार. खुर्चीत बसलं की आपल्या घरापुरतं तोंड बंद.
मत्सर. दुसरं काही नाही.

१८ मे
अध्यक्षाची कामं: कचऱ्याच्या दिवशी सकाळी पिशव्यांवर निळी जाळी पसरणे. कावळे हाकलणे. गाडी गेल्यावर जाळी धुणे. बाटल्यांची झाकणं वेगळी न करणारा कोण ते शोधणे. (दोनशे चार असावं. पुरावा नाही.) हे सर्व दंडाला हिरवा पट्टा बांधून.
जेपीला म्हटलं, ही काय पदाची कामं झाली? तो म्हणाला, दाजी, मी सतरा वर्षं दुसरं काय करतोय?
हेच तर माझं म्हणणं आहे.
संकल्प: जाळीचं काम दुसऱ्याकडे सोपवणे. सोपवायला कोणी मिळाल्यास.

३ ऑगस्ट
अळू छातीपर्यंत आलंय. मी पाणी घालत नाही. ते आपलं आपण येतं.
जेपीचा सल्ला: मागू नका, घरी बोलवा, खायला घाला, त्यांचं ऐका. बाष्कळ सल्ला. तरी प्रयोग म्हणून करून पाहिला. सगळ्या घरांना चहाला बोलावलं. बरेच आले. सुप्रभाच्या पट्टीतल्या पानांच्या अळूवड्या केल्या. तिला करताना कितीतरी वर्षं पाहिलंय, त्यामुळे अवघड काहीच नव्हतं. चिंच नव्हती. आंबटपणासाठी घालत असतील, म्हणून वगळली.
परिणाम अपेक्षेपलीकडचा. पहिल्या घासानंतर कोणी बोलेना. सगळे भारावले होते. कुरामोची-सानांच्या डोळ्यांत पाणी. दोनशे चारच्या बाई गळ्यावर हात ठेवून बसल्या. पाणी मात्र लोक फार प्यायले. कुरामोची-सानांनी आपल्या तिन्ही वड्या संपवल्या आणि खाली वाकून नमस्कार करून गेले. माझाही घसा दाटून आला होता.

४ ऑगस्ट
घसा अजून दाटलेला आहे.
जेपीचा फोन. त्याने विचारलं, चिंच घातली होतीत ना? मी म्हटलं, तो मुद्दा गौण आहे. पलीकडे कोणीतरी खुर्चीवरून पडल्यासारखा आवाज. मग म्हणाला, दाजी, चिंचेशिवाय अळू खाजतं हो! सबंध मतदारसंघाच्या घशाला खाज आणलीत. तीस वर्षांच्या राजकारणात मला हे जमलं नाही.
महापौराला शोभणारी भाषा नाही.

१४ सप्टेंबर
संघाची बैठक. पट्टीचा विषय आल्यावर कुरामोची-सान अत्यंत नम्रपणे म्हणाले, विषय अध्यक्षांच्या घराचा आहे, तेव्हा अध्यक्षांनी थोडा वेळ बाहेर बसलेलं बरं. मी बाहेर बसलो. सगळ्यांच्या चपलाबुटांशेजारी. लॅपटॉप मांडीवर, चाळीस स्लाइड्स तयार.
आतून काहीच आवाज नाही. वाद नाही, हात वर करणं नाही. मुळात त्यांचं आधीच घरोघरी बोलणं झालेलं होतं. बोलावल्यावर आत गेलो. शेड होणार. पण कंद काढायची वेळ होईपर्यंत थांबायचं, सुप्रभा-सानांच्या मेहनतीचा मान म्हणून. सगळ्यांनी माझ्याकडे न बघता मान झुकवली.
नोटिशीवर सही अध्यक्षाची लागते. केली. फलकावर मीच लावली.
माझी बाजू ऐकली असती तर निकाल वेगळा लागला असता.

२१ सप्टेंबर
जेपी म्हणतो, ताईच्या वर्षश्राद्धाला येतो. त्याचं मतदान २७ ऑक्टोबरला. समोर एक तरुण उमेदवार जोरात आहे. मी स्पष्ट सांगितलं, यायची गरज नाही. तो म्हणाला, गावातल्या परक्या लोकांच्या मयतींना गेलो, बहिणीच्या वेळी कौन्सिलची बैठक म्हणून पोचलो नाही. आता तरी येऊ द्या.
ऐन प्रचारात गाव सोडून येणारा माणूस. याला राजकारण कळत नाही हे मी पहिल्यापासून म्हणतो.

११ ऑक्टोबर
जेपी आला. जाड झालाय. एका दिवसात बिल्डिंगमधल्या सगळ्यांची नावं पाठ. जपानीचा एक शब्द येत नाही. दोनशे चारच्या बाईंचा गळका नळ दुरुस्त करून आला. अध्यक्ष मी आहे, पण त्या बाईंनी मला तो नळ गळतो हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, पण तो वेगळा मुद्दा.

१२ ऑक्टोबर
श्राद्ध. पुण्याच्या गुरुजींनी स्काइपवर सांगितलं. मध्येच स्क्रीन अडकायची, गुरुजी तोंड उघडं ठेवून थांबायचे, आम्हीही थांबायचो.
कावळ्याचा घास अळूच्या पट्टीच्या कडेला ठेवला. कावळे तारेवर बसलेले. एकही खाली येईना. जेपी म्हणाला, एवढे कावळे बसलेत, मग उतरत का नाहीत? मला कारण ठाऊक होतं. एप्रिलपासून मी त्यांना काठीने हाकलतोय. हिरवा पट्टा पाहिला की ते उडतात, आणि पट्टा सकाळच्या जाळीपासून दंडालाच होता.
पट्टा काढून खिशात घातला. तरी येईनात. कादंबरी रडायला लागली. मग जेपी मोठ्याने म्हणाला, ताई, दाजींकडे मी बघतो, तू काळजी करू नकोस. एक कावळा खाली उतरला.
पट्टा काढल्यामुळे. कावळ्यांना थोडा वेळ लागतो एवढंच.
दुपारी सगळ्यांनी मिळून अळू उपटलं. जेपी गुडघाभर चिखलात. कंद शेजाऱ्यांनी वाटून घेतले. पानं आमच्याकडे आली. जेपीने येताना चिंच आणली होती.

२९ ऑक्टोबर
जेपी हरला. चारशेच्या आसपास मतांनी. त्या तरुण उमेदवाराने पत्रक काढलं होतं, आपले महापौर कुठे आहेत? खाली जेपीचा फोटो, हातात अळूचं पान, मागे आमची बिल्डिंग. फोटो कादंबरीने फेसबुकवर टाकलेला.
फोन मी केला. पहिल्यांदाच. तो म्हणाला, चार दिवस रजा, चारशे मतं. दिवसाला शंभर. स्वस्तात पडलं, दाजी.
तो हरणार हे मी सतरा वर्षं सांगत आलोय. बरोबर ठरलो. बरोबर ठरल्यावर बरं वाटतं असा माझा अनुभव आहे. आज वाटलं नाही. हवा बदलते आहे, त्यामुळे असेल.

२३ नोव्हेंबर
शेड तयार. जागा देण्याआधी विनावापर सायकली हटवायच्या, हे अध्यक्षाचं काम. धूळ, गंज, चाकात हवा नाही अशा सायकलींना पिवळा टॅग बांधायचा. महिनाअखेरपर्यंत वापरात दिसली नाही तर नगरपालिका उचलून नेते. भराभर बांधत गेलो. शेवटच्या सायकलीच्या टॅगची गाठ मारून झाल्यावर पुढची बास्केट पाहिली. बास्केटमध्ये सुप्रभाची पुण्याची कापडी पिशवी, घडी घालून ठेवलेली.
कुरामोची-सान बाजूलाच उभे होते. ते दुसरीकडे पाहू लागले. म्हणजे टॅग सोडला असता तर चाललं असतं. पण मी अध्यक्ष आहे. आपल्या घरापुरतं तोंड बंद.
नियम पुन्हा नीट वाचला. वापरात असलेली सायकल हटवायची नसते. मला सायकल येत नाही. पुण्यात वाढून येत नाही, यावर सुप्रभाचा कधी विश्वास बसला नव्हता.
पंप शोधला. हवा भरली. हँडल धरून कोपऱ्यावरच्या कोंबिनीपर्यंत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानापर्यंत, चालत नेली. ब्रेड घेतला, पिशवीत ठेवला. चालत परत आणली.
वापर झाला. सीटवर बसलंच पाहिजे असं नियमात कुठेही नाही.