बोटाखालची ओळ

नाशिक, बुधवार, १८ जुलै १९७९

आज आठवीच्या धड्यात ‘मॅसॅकर’ हा शब्द आला. डिक्शनरी उघडून अर्थ वाचून दाखवला, माणसांची सरसकट कत्तल. खाली बारीक टाइपात शब्दाचं मूळ होतं: जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ खाटकाचं दुकान. गंमतच आहे! वाचायला तोंड उघडलं आणि समोर नंदा दिसली. तिच्या वडिलांचं भद्रकालीत मटणाचं दुकान आहे. डबा खाताना पोरी आधीच तिला लांब बसवतात. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि डिक्शनरी मिटली. बरं केलं ना? तेव्हा तरी तसंच वाटलं.

मधल्या सुट्टीत ही बया टीचर्स रूमच्या दारात हजर. “बाई, बोटाखाली काय होतं?”

आता काय सांगणार? पान काढून दिलं. अर्थ लावत लावत तिने ती ओळ दोनदा वाचली. आता रडेल, मग रडेल, म्हणून मी बघतेय. कसली रडतेय!

“म्हणजे आधी हे नुसतं दुकानच होतं?”

“हो.”

“मग बाई, लोकांनी कत्तलीसाठी हा शब्द उचलून नेल्यावर खाटीक आपल्या दुकानाला काय म्हणायला लागले?”

मला हे कधी सुचलं नसतं. घरी आल्यापासून डिक्शनरी घेऊन बसलेय. खाटकांचं पुढे काय झालं, ते बारीक टाइपातही नाही. त्यांच्या वाट्याला ती एक ओळ आली होती, आणि मी तिच्यावरच बोट ठेवलं.