गाईंचं प्रकरण

४ ऑगस्ट २०२०, मंगळ. वेरिबी
युनिव्हर्सिटीचा मेल. पुढच्या सेमिस्टरला ट्यूटर नकोत, म्हणजे माझं काम गेलं. आईला फोनवर सांगितलं, क्लासेस ऑनलाइन चालू आहेत. का सांगितलं तसं? ओटा चार वेळा पुसला. नवरोबा नितीन शिफ्टला.
शेजारचे पास्टर याकोब कुंपणापलीकडून: "सुजाता, वेळ आहे ना आता? माझ्या वडिलांचं लिहून घे. माझे हात थरथरतात." वडील पण पास्टर. साउथ सुदानमध्ये, त्यांच्या भागात पहिली शाळा त्यांनीच काढली. हो म्हटलं. काहीतरी हवंच होतं.

७ ऑगस्ट, शुक्र.
रोज अकराला. लॉकडाउन, म्हणून त्यांची खुर्ची तिकडे, माझी इकडे, मधे कुंपण. फोनवर रेकॉर्डिंग. त्यांचे वडील झाडाखाली मुलं-मुली एकत्र शिकायला बसवायचे. मुलीच्या लग्नात नवऱ्याकडून तिच्या घरी गाई येतात, ही तिथली रीत. वडील घरोघर जाऊन सांगायचे, लहान पोरींची लग्नं लावू नका, शाळेत पाठवा. एकदा लोक भाले घेऊन अंगावर आले. वडील बसूनच राहिले! सांगताना पास्टर खुर्चीतून उठले. इथल्या ऑगस्टच्या थंडीने माझी बोटं वळेनात, तरी आत जावंसं वाटेना.

१२ ऑगस्ट, बुध.
आज पास्टर सांगताना अडकले. मग: "दुष्काळ पडला. शाळेतली पोरं उपाशी. वडिलांनी माझ्या बहिणीचं लग्न लावलं. चौदा वर्षांची होती. गाई आल्या. ते दूध सगळे प्यायलो. मीही." उठता उठता म्हणाले, "हेही लिही."
लिहिलं. दिवसभर एका जागी बसवेना.

१५ ऑगस्ट, शनि.
त्यांच्या मुलीचा, रेबेकाचा फोन. सिडनीत, क्वेकर्स हिलला असते. राज्याची बॉर्डर बंद, येता येत नाही. तिचं चर्च पुस्तक छापणार आहे. ड्राफ्ट वाचला तिने. "ते गाईंचं प्रकरण काढ, प्लीज. आम्हा साउथ सुदानच्या लोकांबद्दल इथे आधीच काय काय बोलतात, तुला माहितेय. आजोबांचं नाव सांगून मान वर करतो आम्ही."
म्हटलं, पास्टरांना विचार. "डॅड ऐकत नाहीत."
नितीन म्हणतो, तुझं काम टायपिंगचं. चिडले त्याच्यावर. पण मग माझं काम काय

१९ ऑगस्ट, बुध.
पास्टर पॉझिटिव्ह. ॲम्ब्युलन्स आली. जाताना मास्कमधून काहीतरी म्हणाले, कळलं नाही. मी कुंपणाशी नुसती उभी.
आता दोन फाइली. गाईंसकट आणि गाईंशिवाय. एकही पाठवली नाही.

२२ ऑगस्ट, शनि.
रेबेका फोनवर रडत होती. पास्टर ऑक्सिजनवर. ती जाऊ शकत नाही, मीही नाही. न राहवून विचारलं, ज्यांचं लग्न लावलं त्या आत्या कुठे असतात? युगांडात. नाव अचोल. "मग त्यांनाच विचार ना." "हे कसं विचारू त्यांना?"

२५ ऑगस्ट, मंगळ.
पास्टर व्हेंटिलेटरवर. रेबेकाने काल आत्याला फोन केला. आत्या आधी हसली म्हणे. मग म्हणाली, "छापा की. पण नुसतं 'बहीण' काय लिहिलंय? माझं नाव घाला. आणि मी सासरहून पळून शाळेत परत आले होते, तेही घाला. बाबांनी स्वतः मला हाताला धरून परत सासरी नेऊन सोडलं. याकोब दारात उभा होता."
रेबेकाने मला विचारलं, "हे डॅडनी सांगितलं होतं तुला?"
नाही.
मग तिने फोन ठेवला.

२७ ऑगस्ट, गुरु.
सकाळी बसून लिहिलं. अचोलचं नाव घातलं. पळून येणं, परत नेणं, दारात उभा भाऊ, सगळं आत्याच्या शब्दांत. रेबेकाला पाठवलं. तिने वाचलंय, निळी खूण दिसते.
हॉस्पिटलमधून काही कळलं नाही. घरात येरझारा.
पास्टर शुद्धीवर आले, तर त्यांना हे वाचून कोण दाखवणार? मी?