लाल म्हंजे कोंबडा

मुरबाडच्या विहीणबाईंना,
शहापूरहून सकुबाईचा नमस्कार.

ईशूच्या बारशाला नावावरून आपलं वाजलं, तेव्हापासून चार वर्सं बोलणं नाय. पण आज राहवलं नाय म्हणून लिहिते.

सकाळी आपल्या ईशूला घेऊन टेकडीवर करवंदं तोडायला गेले. चढताना माझी चप्पल तुटली, तर पोरगी हसून हसून खालीच बसली. नातच ती, कोणावर गेली देव जाणे. मग पळसाच्या पानाचा द्रोण केला नि खेळ मांडला. मी करवंद दाताखाली धरून विचारलं, "कोंबडा का कोंबडी?"

"कोंबडी!"

फोडलं तर आत लालभडक. म्हटलं, "कोंबडा! हरलीस गो."

तर कंबरेवर हात ठेवून म्हणते, "नाय! मुरबाडची आजी सांगते, लाल ती कोंबडी. तुलाच येत नाय."

विहीणबाई, लाल तुरा कोंबड्याचाच मोठा ना? काय पण शिकवता पोरीला! मी खूप समजावलं, ऐकेल तर शपथ. शेवटी तिनं निम्मी करवंदं बाजूला काढली. म्हणाली, "ही त्या आजीची. तुमी दोघी खेळा नि ठरवा." त्यातलं एकही मला खाऊ दिलं नाय.

हे पत्र टाकलं तर पोचायला दिवस लागतील, तवर करवंदं नासतील. म्हणून टाकतच नाय. उद्या सकाळच्या एसटीनं पत्र नि करवंदं घेऊन आमी दोघीच येतो. दार उघडाल ना? भांडायचं तर भांडू, पण द्रोण मधे ठेवून.

तुमची विहीण,
सकुबाई