ढेप म्हणजे गूळ नव्हे

दर्यापूर, मंगळवार

सन्माननीय व्याहीसाहेब श्यामराव यांना नत्थुजीचा दोन्ही हात जोडून रामराम. (उजव्या हाताचा अंगठा म्हशीने गव्हाणीशी दाबला आहे, तरी जोडला आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंची शुगर काय म्हणते? आमच्याकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

पौर्णिमा तुमच्याकडे आली त्याला आज अठरा दिवस झाले. ती आमच्या घरून रडत निघाली, परत कधी येणार ते सांगितलं नाही, आणि आमचे चिरंजीव गजेंद्र रोज 'विचारतो, विचारतो' म्हणत अकोल्याला ड्यूटीवर जातात. पण मी त्याबद्दल लिहीत नाही. मी म्हशीबद्दल लिहितो आहे.

म्हैस पहिल्यांदाच व्यायली होती. आम्ही दोघं नवरा-बायको चार दिवस मोर्शीला लग्नाला गेलो आणि जाताना दुर्गाबाईने सुनेला बजावलं की सकाळी दोन किलो ढेप, संध्याकाळी दोन किलो ढेप. आता आमच्या वऱ्हाडात ढेप म्हणजे सरकीची पेंड, हे जन्मलेल्या मुलालाही कळतं. तुमच्या पुण्यात ढेप गुळाची असते, हे आम्हाला साठीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. (आम्ही गुळाच्या ढेपेला भेली म्हणतो.) पोर गुणाची. गोठ्यात सरकीच्या ढेपेचं पोतं भरलेलं असताना ती भर उन्हात बाजारात गेली, पारखून पिवळा गूळ आणला आणि चार दिवसांत सोळा किलो मोजून चारला. वर पाणीही पाजलं. म्हशीने असं माहेरपण जन्मात पाहिलं नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा म्हैस रवंथ विसरून भिंतीकडे बघत होती, शेण पातळ आणि दूध अर्ध्यावर. दुर्गाबाई तापली. म्हणाली, "जिले म्हैस समजत नाई, तिले माणसं काय समजतीन?" मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो, ही माझी चूक तुम्ही लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा पुण्याला.

जनावरांचे डॉक्टर नियाजभाई आले. त्यांनी गुळाने पोट आंबलं म्हणून सांगितलं, खायचा सोडा दिला आणि काही दिवस नुसतं कुटार, म्हणजे भुसा, आणि कडबा घालायला लावलं. आठवड्यात म्हैस खडखडीत बरी. दूध मात्र तीन लिटरच्या वर सरकेना. दुर्गाबाईने पुन्हा गुळाचं नाव काढलं, तेव्हा नियाजभाईंनी कास चाचपली आणि विचारलं, ही लहान वगार होती तेव्हा काय खात होती?

तिथे आमची बाई फुशारली. तूप लावलेल्या पोळ्या, टोपलंभर ढेप, वर भिजवलेले हरभरे, सगळं तिने सांगितलं. (ते हरभरे मला कधी मिळाले नाहीत.) नियाजभाई ऐकत राहिले आणि मग म्हणाले की वगार माजावर यायच्या आधी तिच्या कासेत दूध बनवणाऱ्या ग्रंथी वाढत असतात, त्याच वयात तिला लठ्ठ केलं, तर ती जागा चरबी घेते. म्हणून कास घमेल्याएवढी आणि दूध तांब्याभर. गाभण असताना, व्यायल्यावर पोटभर खाऊ घाला, पण तेव्हा दिलेलं ते जुनं नुकसान भरून काढत नाही. शेवटी म्हणाले, "माय, गूळ तो आठ दिन में उतर गया. हे तं तीन वर्षांपूर्वीचं जेवण आहे."

त्या दिवसापासून दुर्गाबाई गोठ्यात बोलत नाही. पूर्वी म्हशीशी तासभर बोलायची, माझ्याशी नसेल इतकं. परवा मला म्हणाली, बाजारातून पेंड घेऊन या. ढेप नव्हे, पेंड मागितली म्हणून दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला. घर फार सुनं झालं आहे, श्यामराव. म्हशीचं म्हणतो आहे मी.

आपला,
नत्थुजी

ता.क. हे पत्र दुर्गाबाईला ठाऊक नाही. फोन लावला की ती जवळ येऊन उभी राहते, म्हणून कागद घेतला. उत्तरही जपून द्या. 'म्हैस शुक्रवारी निघते' एवढं लिहिलं तरी मी समजून घेईन. (हे पौर्णिमेला दाखवू नका.)

ता.क. दुर्गाबाईचा नमस्कार. यायनं पत्र चष्म्याच्या डबीखाली लपवलं अन् चष्मा मलेच मागतला, म्हणून सापडलं. हे पौर्णिमाले नक्की दाखवजा. पोरी, वगार म्या माह्या हातानं बिघडवली अन् नाव तुह्यावर घातलं. बोलली तेही चुकलं. फोनवर मले हे बोलता येत नाई, रडू येते. अकोल्याहून कोणत्या गाडीनं येशीन ते सांगजो, मी स्टँडवर येतो. नाई सांगितलं तं सकायच्या पयल्या गाडीपासून उभी राहीन.