रेडियमची शिंगं

धरणगाव, ता. ८ मार्च १९५८

ती. अक्कास तोतारामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, एक हिऱ्या सोडून. जबडा सुजलाय, दात हलतात, कडबा तोंडात धरून नुसता उभा राहतो. शेजारच्या शालिग्रामची नजर लागली, दुसरं काय! गेले तीन पोळे आमच्या बैलांची शिंगं अंधारात चमकतात आणि बठ्ठं गाव बघायला लोटतं. बाकीच्यांनी आपला हिंगूळ फासावा. घड्याळाच्या काट्यांना लावतात तो रेडियमचा रंग जळगावच्या रतिलाल घड्याळवाल्याकडून आणायला डोकं लागतं. उरलेला गव्हाणीच्या कडेला लावला, अंधारात वैरण टाकायला सोय. दाजी ढोरांचे डॉक्टर आहेत. इतक्या वर्षांत काही शिकले असतील तर औषध पाठवावे.

भाच्यांना पापे. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा तोताराम

धुळे, ता. १३ मार्च

चि. तोतारामास अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून दाजी ताटावरून उठले. मी म्हटलं, बसा, माझा भाऊ लहानपणापासून असाच आहे. ते म्हणाले, हा रंग पोटात गेला की चुन्यासारखा हाडांत जाऊन बसतो आणि हाड आतून कुजवतो. तुझे बैल एकमेकांची शिंगं चाटतात, गव्हाण चाटतात. यावर औषध नाही. शालिग्रामची नजर मीठमोहऱ्यांनी तरी उतरते, तुझी हुशारी कशानं उतरवू? गव्हाण खोल पुरून टाक. चांद्याला आजच दुसरीकडे बांध आणि पारोळ्याच्या बाजारात कुणाच्या गळ्यात मारू नकोस.

भावजय धुरपदाला आशीर्वाद. अक्कल आली तर कळव.

सुगंधा

धरणगाव, ता. २० मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हिऱ्या परवा गेला. रंग विषारी असता तर रतिलालनं विकला असता का? दाजींच्या पुस्तकांना माझा नमस्कार सांग. तरी तुझ्या शब्दाखातर गव्हाण पुरली. आता चांद्याचेही दात हलतात. मी स्वतः जळगावला जाऊन मोठ्या डॉक्टरांना मोटारीतून आणलं, त्यांनाही काही कळलं नाही. चांद्याला हातानं भरडा भरवतो. तो गेला तर मला घर खायला उठेल.

त्यात धुरपदाचं वेगळंच. शिंगांवरची बारीक वेलबुट्टी दर पोळ्याला तीच काढते, कुंचल्याचं टोक ओठांत धरून धरून. हात मात्र चांगला आहे. पावसाळ्यापासून दाढ दुखते म्हणते, दिवाळीत दोन दात पडले, आता गाल सुजवून बसलीय. भाकरी ताकात कालवून खाते. बैलाची काळजी केली की हिलाही आजार सुचतो. लवंग धर म्हटलं.

चांद्याचं दाजींना विचारावे. लोभ कमी करू नये.

तोताराम

धुळे, ता. २२ मार्च

तोताराम,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. अमेरिकेत घड्याळांना हा रंग लावणाऱ्या मुली कुंचला असाच ओठांत धरायच्या. त्यांचे जबडे गळून पडले आणि त्या मेल्या, असं दाजी सांगतात. तुला घाबरवायला लिहीत नाही. घाबरायलाही डोकं लागतं.

बैलासाठी मोटारीतून डॉक्टर आणलास. त्यांना चहा कुणी करून दिला? तिनंच ना, त्या सुजलेल्या गालानं? डॉक्टर दारात उभे असताना तिचं तोंड दाखवावं, एवढंही तुला सुचलं नाही.

दाजी हे पत्र घेऊनच येताहेत. त्यांना गोठ्यात नेऊ नकोस, ते धुरपदाला न्यायला आलेत. तिची लुगडी बांधून दे. आम्ही तिला मुंबईला दाखवू. ती वाचेल, असं दाजी म्हणाले नाहीत.

तू सोबत येऊ नकोस. चांद्याला भरडा कोण भरवील?

लोभाचं आज काही लिहीत नाही.

सुगंधा